पेशंट दाखल झाला ॲक्सिडेंटमुळे, मग आयसीयूत न्यूमोनिया कुठून आला? आणि अँटिबायोटिक का चालेना?

दृश्य थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच असतं. आयसीयूच्या बाहेर खुर्च्यांवर नातेवाईक बसलेत. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या हातात मेडिकलमधून आणलेल्या इंजेक्शनांची पिशवी. पेशंट दाखल झाला तो गाडीवरून पडून डोक्याला मार लागला म्हणून. किंवा पॅरालिसिसचा झटका आला म्हणून, किंवा साप चावला म्हणून. छातीचं दुखणं नव्हतंच.

पाचव्या-सहाव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "छातीत इन्फेक्शन झालंय. न्यूमोनिया आहे. अँटिबायोटिक बदलावं लागेल." दोन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट येतो. त्यात औषधांची लांबलचक यादी असते आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे एकच अक्षर, 'आर'. आर म्हणजे रेझिस्टंट. हे औषध या जंतूवर चालणार नाही.

मग बाहेर बसलेल्यांच्या डोक्यात दोन प्रश्न फिरायला लागतात. काचेच्या आड, चोवीस तास नर्सच्या नजरेखाली असलेल्या माणसाला न्यूमोनिया झालाच कसा? आणि एवढी महागडी इंजेक्शनं चालू असताना ती लागू का पडत नाहीत?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि पहिल्याचं उत्तर एका प्लॅस्टिकच्या नळीपासून सुरू होतं.

ठसका नावाचा वॉचमन

जेवताना बडबड केली की घरातलं कुणीतरी हमखास ओरडतं, "बोलू नको, ठसका लागेल." हा ठसका म्हणजे शरीराचा वॉचमन. घशात दोन वाटा फुटतात, एक पोटाकडे जाते आणि दुसरी फुफ्फुसाकडे. फुफ्फुसाच्या वाटेवर एक झडप आहे, गिळताना ती बंद होते. तरी चुकून अन्नाचा कण किंवा लाळेचा थेंब आत घुसलाच तर ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. त्याच्याही पुढे श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिशय बारीक तंतू असतात, ते कफ सतत वर ढकलत राहतात. आपण झोपलो तरी हे काम चालू असतं.

व्हेंटिलेटर लावायचा तर तोंडातून थेट श्वासनलिकेत नळी घालावी लागते. म्हणजे झडप उघडी राहिली. पेशंटने नळी ओढून काढू नये म्हणून गुंगीचं औषध चालू असतं, म्हणजे ठसकाही गेला. ज्या वाटेवर एवढा कडक पहारा होता, ती आता उघडी पडली.

नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो श्वासनलिकेत फुगवला की बाजूने हवा निसटत नाही. पण याच फुग्याच्या वरच्या बाजूला लाळ, कफ, पोटातून वर आलेला द्रव असं सगळं साचत जातं. फुगा जास्त फुगवला तर श्वासनलिकेला इजा होते, कमी फुगवला तर साचलेलं पाणी कडेने थेंब थेंब खाली झिरपतं. खाली फुफ्फुस आहे.

आणखी एक गोष्ट नळीच्या आतमध्ये घडते. पाण्याच्या टाकीला आतून हात लावला की बुळबुळीत लागतं, तसाच थर नळीच्या आतल्या बाजूला तयार होतो. याला बायोफिल्म म्हणतात. या थरात जंतू दाटीवाटीने राहतात आणि तिथे औषध नीट पोचत नाही.

व्हेंटिलेटर लावल्यापासून ४८ तास उलटून गेल्यावर जो न्यूमोनिया होतो, त्याला डॉक्टर 'व्हीएपी' म्हणतात. म्हणजे व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया. व्हेंटिलेटर न लावताही दवाखान्यात दाखल झाल्यानंतर ४८ तासांनी न्यूमोनिया होऊ शकतो, त्याला 'एचएपी' म्हणतात. ४८ तासांची अट यासाठी, की पेशंट घरूनच जंतू फुफ्फुसात घेऊन आला होता का, हे वेगळं काढता यावं.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्हेंटिलेटरवरच्या साधारण दहातल्या एका पेशंटला हा न्यूमोनिया होतो. त्यातले किती जण याच कारणाने दगावतात, हे सांगणं अवघड आहे, कारण हे सगळे पेशंट आधीच गंभीर असतात. २०१३ मध्ये बऱ्याच चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून काढलेला अंदाज सुमारे १३ टक्के होता.

हे वाचून 'व्हेंटिलेटर लावला की माणूस गेलाच' हा जुना समज पक्का करून घेऊ नका. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली होती. श्वास बंद पडलेल्या पेशंटच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्यायची, असा मार्ग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने काढला. मशीन नव्हतं, म्हणून मेडिकलच्या शेकडो विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून दिवसरात्र पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. आजचं आयसीयू त्यातूनच जन्माला आलं. नळी जीव वाचवतेच. फक्त ती जितके दिवस राहते, तितका धोका वाढत जातो.

हे जंतू आहेत तरी कोण?

घरी होणाऱ्या न्यूमोनियाचे जंतू वेगळे असतात आणि साध्या औषधांना बहुतेक वेळा दाद देतात. आयसीयूतली टोळी निराळी आहे. भारतात यात तीन नावं पुन्हा पुन्हा येतात: ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि स्युडोमोनास.

स्युडोमोनासला ओल आवडते. बेसिन, नळ, ओले राहिलेले पाइप ही त्याची ठिकाणं. क्लेबसिएला माणसाच्या आतड्यात राहतो, तिथे तो काही त्रासही देत नाही. पण गंभीर आजारात आतड्यातले जंतू तोंडापर्यंत आणि तोंडातले नळीच्या कडेने फुफ्फुसापर्यंत पोचतात.

सगळ्यात चिवट ॲसिनेटोबॅक्टर. बहुतेक जंतू कोरड्या जागी लवकर मरतात. हा मात्र कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतो. पलंगाचा कठडा, मॉनिटरचं बटण, व्हेंटिलेटरची खुंटी, डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप, खिशातला मोबाइल, काहीही चालतं. २००३ नंतर इराकमध्ये जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये हा इतका आढळला, की त्याला 'इराकीबॅक्टर' असं टोपणनाव पडलं. पुढच्या तपासात लष्करी दवाखान्यांतूनच तो पसरत असल्याचं दिसून आलं.

निरोगी माणसाला याच्यापासून जवळजवळ धोका नाही. त्यामुळे आयसीयूत पेशंटला भेटून आलेल्या माणसाने घरी जाऊन घाबरायचं कारण नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांत चिंताजनक जंतूंची जी यादी केली आहे, तिच्या पहिल्या गटात कार्बापेनेमला न जुमानणारा ॲसिनेटोबॅक्टर २०१७ मध्येही होता आणि २०२४ च्या नव्या यादीतही आहे.

कार्बापेनेम म्हणजे काय? तर मेरोपेनेम, इमिपेनेम ही इंजेक्शनं ज्या कुटुंबातली, ते कुटुंब. आयसीयूच्या बिलात 'मेरो' असं काहीतरी दिसलं असेल, तर ते हेच. बाकीची औषधं थकली की काढायचा हा हत्यारांचा साठा होता.

साठा होता, असंच म्हणावं लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर दरवर्षी मोठ्या हॉस्पिटलांमधल्या जंतूंचा अहवाल काढते. २०२१ च्या अहवालात ॲसिनेटोबॅक्टरच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ८७.५ टक्के नमुने कार्बापेनेमला दाद देत नव्हते. क्लेबसिएलाचं सांगायचं तर २०१६ मध्ये ६५ टक्के नमुन्यांवर इमिपेनेम चालत होतं, २०२१ मध्ये ते ४३ टक्क्यांवर आलं. पाच वर्षांत.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण सोशल मीडियावर हे आकडे 'भारतात अँटिबायोटिक बंद पडली' अशा मथळ्याखाली फिरतात. हे नमुने मोठ्या, शेवटच्या टप्प्यावरच्या हॉस्पिटलांमधले आहेत. तिथे येणारा पेशंट आधी दोन-तीन ठिकाणी उपचार घेऊन आलेला असतो. गावातल्या दवाखान्यात घसा दुखतो म्हणून गेलेल्या माणसाला हा आकडा लागू होत नाही. आयसीयूतल्या माणसाला मात्र लागू होतो, आणि तोच इथला विषय आहे.

जंतू शिकतात म्हणजे नेमकं काय करतात?

पेनिसिलिनपासून मेरोपेनेमपर्यंतच्या बऱ्याच औषधांच्या रेणूत एक छोटी चौकोनी कडी असते. औषधाची सगळी ताकद त्या कडीत. ती शाबूत असेल तर जंतूची बाहेरची भिंत बांधणारं काम बंद पडतं आणि जंतू फुटतो. जंतूंनी यावर काढलेला उपाय म्हणजे ही कडी तोडणारी कात्री. तिला बीटा-लॅक्टमेज म्हणतात. माणसाने नवं औषध आणायचं, जंतूंमध्ये नवी कात्री तयार व्हायची, असा खेळ ऐंशी वर्षं चालू आहे.

काही जंतू औषध आत येण्याची दारंच बंद करतात. काहींकडे पंप असतात, आलेलं औषध ते बाहेर उपसून टाकतात. ॲसिनेटोबॅक्टर यातलं सगळं एकदम करू शकतो.

खरा घोळ पुढे आहे. कात्री बनवायची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुक बऱ्याचदा डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असतं. त्याला प्लास्मिड म्हणतात. एक जंतू हे कडं शेजारच्या जंतूला देऊ शकतो, तो शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. पोरांना वारसा मिळेपर्यंत थांबायची गरज नाही, थेट फॉरवर्ड. आणि ग्रुपमध्ये आलेल्या मेसेजसारखंच, एकाच कड्यावर पाच-सहा औषधांना निकामी करणारी जनुकं एकत्र येतात. म्हणून रिपोर्टमध्ये एक 'आर' दिसत नाही, रांगच्या रांग दिसते.

यातल्या सगळ्यात गाजलेल्या कात्रीच्या नावात आपली राजधानी आहे. २००८ मध्ये स्वीडनमधल्या भारतीय वंशाच्या एका पेशंटमध्ये असा क्लेबसिएला सापडला, ज्यावर कार्बापेनेम चालत नव्हतं. हा पेशंट त्याआधी नवी दिल्लीतल्या हॉस्पिटलात उपचार घेऊन आला होता. शास्त्रज्ञांनी त्या कात्रीला नाव दिलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे एनडीएम-१. २०१० मध्ये यावरचा मोठा शोधनिबंध आल्यावर आपल्याकडे गदारोळ झाला. मेडिकल टुरिझम बदनाम करण्याचा डाव आहे, असं संसदेपासून चॅनलपर्यंत बोललं गेलं. नाव खटकणं स्वाभाविक होतं. पण अशीच एक कात्री इटलीतल्या व्हेरोना शहराच्या नावाने ओळखली जाते, दुसरी ब्राझीलच्या साओ पाउलोच्या नावाने. नावावरून भांडण्यात जो वेळ गेला, त्यात जनुक पसरत राहिलं. २०१२ मध्ये चेन्नईत देशभरातल्या वैद्यकीय संघटना एकत्र आल्या आणि अँटिबायोटिकच्या वापरावर लगाम घालणारा मसुदा तयार झाला. 'चेन्नई डिक्लरेशन' म्हणून तो ओळखला जातो.

शेवटी उरतं ते १९५० च्या दशकातलं औषध

मेरोपेनेम चालत नाही म्हटल्यावर डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते कोलिस्टिन. हे काही नवं औषध नाही. जपानमध्ये १९४० च्या दशकाच्या शेवटी मातीतल्या एका जंतूपासून ते मिळालं आणि १९५० च्या दशकात वापरात आलं. मग लक्षात आलं, की ते किडनीला इजा करतं. त्याहून सुरक्षित औषधं मिळाल्यावर १९७० च्या दशकात त्याला जवळजवळ अडगळीत टाकलं गेलं. दुसरं काही उरलं नाही म्हणून ते अडगळीतून परत काढलं.

म्हणजे आज आयसीयूत डॉक्टरांपुढे असा पेच असतो: फुफ्फुस वाचवायला द्यायचं औषध किडनीवर येऊ शकतं. त्यातही शिरेतून दिलेलं कोलिस्टिन फुफ्फुसाच्या आतपर्यंत पुरेसं पोचत नाही. डायलिसिसची पाळी आली की नातेवाइकांना वाटतं आता किडनीचा वेगळाच आजार निघाला. बऱ्याचदा जंतूसंसर्ग आणि औषध या दोघांचा तो एकत्रित परिणाम असतो.

हेच कोलिस्टिन कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यातही घातलं जात होतं. २०१५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी कोलिस्टिनला निकामी करणारं, सुट्या कड्यावरून पसरणारं जनुक शोधलं तेव्हा जगभर धावपळ झाली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. माणसाची शेवटची गोळी कोंबडीला वजन वाढवायला, हा प्रकार एवढी वर्षं चालला, यापलीकडे त्यावर काय बोलायचं.

जंतू सापडला म्हणजे न्यूमोनिया झाला का?

नाही. आणि हा मुद्दा डॉक्टरांनाही अडचणीत आणतो.

नळीतून कफ ओढून कल्चरला पाठवला तर आठवडाभर व्हेंटिलेटरवर असलेल्या बहुतेक पेशंटमध्ये काही ना काही जंतू सापडतोच. तो नुसता मुक्कामाला आलेला असू शकतो. एक्स-रेमध्ये पांढरा डाग दिसला तर तो न्यूमोनियाचा असेल, फुफ्फुसात साचलेल्या पाण्याचा असेल, किंवा फुफ्फुसाचा एखादा भाग दबून बसल्याचा असेल. तापाला आयसीयूत पन्नास कारणं. म्हणून ताप, एक्स-रे, ऑक्सिजनची वाढलेली गरज, रक्ततपासणी आणि कल्चर हे सगळं जुळवून निर्णय घ्यावा लागतो.

कल्चरचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. गंभीर पेशंटमध्ये तेवढी वाट पाहता येत नाही, म्हणून डॉक्टर अंदाजाने सगळ्यात जोरकस औषध सुरू करतात. इथपर्यंत बरोबर आहे. रिपोर्ट आल्यावर साधं औषध चालतंय असं दिसलं तर जोरकस औषध थांबवून साध्यावर यायला हवं. जंतू नुसता मुक्कामी वाटला तर औषध बंदच करायला हवं. गाडं अडतं ते इथे. पेशंट जरा सावरतोय, अशा वेळी औषध कमी करायला हिंमत लागते. नातेवाईकही म्हणतात, "डॉक्टर, राहू द्या ना अजून चार दिवस." मग आठवड्याचा कोर्स पंधरा दिवसांवर जातो.

जास्त दिवस दिल्याने फायदा होतो का, हे तपासलं गेलंय. फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंमधल्या ४०१ पेशंटवर झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ८ दिवस औषध, निम्म्यांना १५ दिवस. मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, १८.८ आणि १७.२ टक्के. स्युडोमोनाससारख्या जंतूंमध्ये ८ दिवसांच्या गटात संसर्ग परत येण्याचं प्रमाण जास्त होतं, हे खरं. पण ज्यांना पुन्हा संसर्ग झाला, त्यांच्यात औषधांना न जुमानणारे जंतू १५ दिवसवाल्या गटात जास्त सापडले. नंतर नेपाळ, थायलंड आणि सिंगापूरमध्ये, म्हणजे आपल्यासारखे चिवट जंतू असलेल्या देशांमध्ये, असाच प्रयोग झाला. २०२४ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: पेशंट सुधारत असेल तर सात दिवसांपर्यंतचा छोटा कोर्स मोठ्या कोर्सपेक्षा कमी पडत नाही.

'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य आपण इतकी वर्षं ऐकलंय, की छोटा कोर्स म्हटलं की चुकल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी ठरवलेला कोर्स पूर्ण करायचा असतो. तो जितका लांब तितका चांगला, असं मात्र नाही.

मग हे सगळं आयसीयूतच तयार झालं का?

तेही पूर्ण खरं नाही. बराचसा माल बाहेरून येतो, पेशंटच्या आतड्यातून.

नेदरलँड्समध्ये सुमारे दोन हजार प्रवाशांची परदेशी जाण्याआधी आणि आल्यावर शौचाची तपासणी केली गेली. जाताना ज्यांच्या पोटात हे जंतू नव्हते, अशांपैकी दक्षिण आशियातून परतलेल्या ७५ टक्के लोकांच्या आतड्यात अनेक अँटिबायोटिकना निकामी करणारे जंतू आले होते. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही आठवड्यांच्या सहलीत पाहुण्यांचं हे होत असेल, तर इथेच राहणाऱ्यांचं काय, हे वेगळं सांगायला नको. सांडपाणी, पिण्याचं पाणी, अर्धवट शिजलेलं अन्न, आणि सर्दीला मेडिकलवाल्याकडून मागून घेतलेली तीन गोळ्यांची स्ट्रिप. पाकिटावरच्या लाल रेघेचा अर्थ चिठ्ठीशिवाय देऊ नये असा आहे, आणि मार्च २०१४ पासून अनेक जोरकस अँटिबायोटिकसाठी दुकानदाराने डॉक्टरांचं नाव आणि पेशंटची नोंद ठेवायचा नियमही आहे. तो कितपत पाळला जातो, ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

व्हायरसवर चालत नसलेली अँटिबायोटिक कोविडमध्ये किती दिली गेली, ते सगळ्यांनी पाहिलं. आयसीएमआरच्या नेटवर्कमधल्या दहा हॉस्पिटलांनी २०२० मध्ये १७,५३४ कोविड पेशंटचा अभ्यास केला. दवाखान्यात असताना जिवाणू किंवा बुरशीचा दुसरा संसर्ग झाला तो फक्त ३.६ टक्के लोकांना. पण त्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण ५६.७ टक्के होतं, एकूण पेशंटमध्ये ते १०.६ टक्के होतं. जंतू ओळखीचेच, क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर.

पलंगाचं डोकं वर केल्याने काय फरक पडतो?

बराच पडतो. स्पेनमधल्या बार्सिलोनात १९९९ च्या एका प्रसिद्ध चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या काही पेशंटना सपाट झोपवलं आणि काहींना ४५ अंशात टेकवून बसवलं. सपाट झोपलेल्या ४७ पैकी १६ जणांना न्यूमोनियाची शंका आली, टेकून बसलेल्या ३९ पैकी फक्त तिघांना. चाचणी छोटी होती, नंतरच्या अभ्यासांत फरक इतका टोकाचा राहिला नाही. तरी पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर, हा आज जगभरचा नियम आहे. कारण साधं आहे, पोटातलं वर यायला चढ लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नळी लवकर काढणं. रोज सकाळी गुंगीचं औषध थांबवून पेशंटला जागं करायचं आणि तो स्वतः श्वास घेतो का ते पाहायचं. २००० साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात या एका सवयीने व्हेंटिलेटरचे दिवस सरासरी ७.३ वरून ४.९ वर आले. शक्य असेल तिथे नळी न घालता मास्कने हवा देणं, फुग्यावर साचलेलं पाणी वेगळ्या वाटेने ओढून काढणं, फुग्याचा दाब ठरावीक वेळाने मोजणं, हेही त्यात आलं.

तिसरी गोष्ट इतकी घरगुती आहे, की कुणी गंभीरपणे घेत नाही. दात घासणं. १५ चाचण्या एकत्र करून २०२३ च्या शेवटी आलेल्या अभ्यासात रोज ब्रशने दात घासलेल्या आयसीयू पेशंटमध्ये न्यूमोनिया कमी दिसला आणि आयसीयूतले मृत्यूही. तोंड साफ करायला वापरलं जाणारं क्लोरहेक्सिडिन हे निळं-गुलाबी औषधी पाणी मात्र आता अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२२ च्या शिफारशींत वापरू नका असं सांगितलंय. आपल्याकडे अनेक ठिकाणी ते अजून चालू आहे.

आणि हात धुणं. प्रत्येक पेशंटला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर. सांगायला सोपं आहे. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स असावी, असं मानलं जातं. एकाच नर्सकडे तीन-चार पेशंट असतील, एकाचा अलार्म वाजतोय, दुसऱ्याची सलाइन संपलीय, तिसऱ्याचा कफ ओढायचाय, तर मधल्या वेळात हात चोळायचे वीस-तीस सेकंद सर्वांत आधी उडतात. जंतू या हातांवरूनच एका पलंगावरून दुसऱ्यावर जातो. अँटिबायोटिक रेझिस्टन्सच्या चर्चेत डॉक्टर, केमिस्ट, पोल्ट्री सगळ्यांची नावं येतात. नर्सच्या रिकाम्या जागांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, खरंतर तेही तितकंच मोठं कारण आहे.

नवीन औषधं येतायत ना?

येतायत. मे २०२३ मध्ये अमेरिकेत सल्बॅक्टम-डर्लोबॅक्टम या जोडीला खास ॲसिनेटोबॅक्टरच्या न्यूमोनियासाठी मंजुरी मिळाली. कोलिस्टिनशी तुलना केली तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३२ ऐवजी १९ टक्के, आणि किडनीचा त्रास ३८ ऐवजी १३ टक्के. एनडीएमची कात्री असलेल्या जंतूंवर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझट्रिओनाम ही इंजेक्शनं एकत्र देण्याची पद्धत आपल्याकडेही रुळली आहे. या औषधांचा खर्च दिवसाला हजारो रुपयांत जातो.

एक फॉरवर्ड इथेच मोडीत काढायला हवं. २०२४ मध्ये वोक्हार्ट कंपनीचं नॅफिथ्रोमायसिन आलं तेव्हा 'भारताने सुपरबगवर औषध शोधलं' असे मेसेज फिरले. औषध भारतीय आहे, महत्त्वाचंही आहे. पण ते घरी, समाजात होणाऱ्या न्यूमोनियासाठी आहे. आयसीयूतल्या ॲसिनेटोबॅक्टरवर त्याचा उपयोग नाही. याच कंपनीचं सेफेपिम-झिडेबॅक्टम हे इंजेक्शन मात्र अशा चिवट जंतूंसाठीच बनवलेलं आहे. त्याची मोठी चाचणी मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गावर झाली आहे.

औषध बाजारात असणं आणि पेशंटला मिळणं यात केवढी दरी आहे, हे २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासातून दिसतं. भारतासह आठ देशांत २०१९ मध्ये कार्बापेनेमला न जुमानणारे संसर्ग सुमारे १५ लाख झाले असावेत, असा त्याचा अंदाज आहे. योग्य औषध मिळालं ते जेमतेम ७ टक्के लोकांना. म्हणजे एकीकडे नको तिथे अँटिबायोटिकचा मारा आणि दुसरीकडे ज्याला हवं त्याला ते मिळतच नाही. दोन्ही एकाच देशात, कधीकधी एकाच हॉस्पिटलात.

नातेवाईक काय विचारू शकतात?

डॉक्टरांशी हुज्जत घालून काही होत नाही, पण काही प्रश्न रोज विचारता येतात. आज नळी काढता येईल का, किंवा गुंगीचं औषध कमी करता येईल का? अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर पाठवलं का? रिपोर्ट आल्यावर औषध बदललं का? आणि अजून किती दिवस द्यायचं ठरलंय? अँटिबायोटिक वाढवा, असा आग्रह मात्र धरू नका. भेटायला जाताना हात सॅनिटायझरने चोळा, बाहेर येतानाही. पलंगावर बसू नका, शेजारच्या पेशंटच्या पलंगाला हात लावू नका, आणि सर्दी-खोकला असेल तर आतच जाऊ नका. पेशंट सपाट झोपलेला दिसला तर नर्सना विचारायला संकोच करायचं कारण नाही. मणक्याला मार असेल तर सपाट ठेवण्यामागे कारण असू शकतं, ते त्या सांगतील.

डिस्चार्जच्या वेळी कल्चरचे सगळे रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलला लावा. संसर्ग बरा झाला तरी हे जंतू आतड्यात कित्येक महिने राहू शकतात. पुढे सहा महिन्यांनी हाच पेशंट तापाने दुसऱ्या हॉस्पिटलात दाखल झाला, तर कुठलं औषध चालणार नाही हे तिथल्या डॉक्टरांना त्या कागदावरून पहिल्याच तासात कळतं, आणि पेशंटला वेगळं ठेवायचं का, तेही ठरवता येतं.